कोल्हापुरातून हर की दून: जंगलवाट आणि हिमनदीची दरी नीट कशी चालायची

दर सीझनला आपल्याकडचा एखादा ग्रुप हर की दूनला जाऊन येतो आणि परत आल्यावर तेच ऐकायला मिळतं. डोकं धरलं होतं, बूट चावला, उतरताना गुडघे गेले, आणि दोघं तर वरपर्यंत पोचलेच नाहीत. ट्रेक म्हणाल तर लय अवघड नाही, दोऱ्या लावून चढायचं वगैरे काही नाही, सगळी पायवाट आहे. पण आपण सह्याद्रीत हिंडलेली माणसं. सकाळी मिसळ हाणायची, गड मारायचा, रात्री घरी येऊन झोपायचं ही आपली सवय, आणि तीच सवय तिकडं घेऊन गेलं की मार बसतो. म्हणून तयारी आणि क्रम या दोनच गोष्टींवर हे सगळं लिहितोय.

थोडक्यात जागा सांगतो. उत्तराखंडमध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात गोविंद राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातून सुपिन नदी वाहते. त्या नदीच्या कडेकडेनं देवदार, अक्रोडाच्या जंगलातून वर जायचं आणि शेवटी जौंधार हिमनदीच्या बाजूची उघडी दरी लागते, तीच हर की दून. उंची ३,५६६ मीटर. समोर स्वर्गारोहिणी शिखर, ६,२५२ मीटर.

## १. आधी तारखा, मग बाकी सगळं

दोन सीझन धरा. एप्रिल मध्य ते जून सुरुवात, नाहीतर सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबर सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, रस्त्यावर दरडी येतात आणि सांकरी, म्हणजे ट्रेकच्या पायथ्याचं गाव, त्याच्या अलीकडंच दोन दिवस अडकून पडायची वेळ येते. पोरांना मे महिन्याची सुट्टी असते म्हणून बरेच जण मे मध्येच जातात. तेव्हा वरच्या भागात बर्फाचे पट्टे शिल्लक असतात आणि गर्दीही असते. माझं मत विचाराल तर दसरा झाला की निघा, हवा स्वच्छ असते आणि ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, फक्त रात्री थंडी कडक पडते.

आता सगळ्यात मोठी चूक. रजा वाचवायला लोक एक दिवस कापतात आणि वाटेतल्या ओस्ला गावाहून थेट हर की दूनला जाऊन तिथंच झोपतात. ओस्ला आणि त्याच्या जवळचं सीमा (हे जागेचं नाव) हा पट्टा साधारण २,५०० मीटरवर, वरची दरी ३,५६६. म्हणजे झोपायची जागा एका दिवसात हजार मीटरनं वर गेली. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा उंचीवरचा साधा नियम आहे, तो इथं सरळ मोडतो.

प्लॅन असा ठेवा:

पहिला दिवस देहरादून ते सांकरी. दुसरा दिवस तालुका (हे गावाचं नाव) ते ओस्ला किंवा सीमा. तिसरा दिवस कलकत्तियाधार किंवा त्याच्या पुढं बोसलोच्या बाजूला मुक्काम. चौथ्या दिवशी हलकी सॅक घेऊन हर की दून बघून त्याच कॅम्पवर परत. पाचवा दिवस ओस्ला, सहावा सांकरी, सातवा देहरादून. याशिवाय एक दिवस जादा, कशासाठी ते शेवटी सांगतो.

## २. आठ आठवडे तयारी, आणि त्यात उतरण पण आली

रंकाळ्यावर संध्याकाळी गप्पा मारत चालणं ही तयारी नव्हे. चांगली सवय आहे, करा, पण ती मोजू नका.

पहिले तीन आठवडे: आठवड्यातून चार दिवस पळा नाहीतर भराभर चाला. ५ किलोमीटर ४० मिनिटांच्या आत न थांबता झालं पाहिजे. जमत नसेल तर आठवडे वाढवा, तारीख पुढं ढकला.

पुढचे तीन आठवडे: रविवारी कुशिऱ्याच्या बाजूनं जोतिबा किंवा खालून पन्हाळा, पाठीवर ६ ते ७ किलोची सॅक घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, वर जाऊन ओतून टाकायच्या नाहीत, तेच वजन घेऊन खाली उतरायचं. बरेच जण चढून जातात आणि गाडीनं खाली येतात. गुडघे जातात ते उतरताना, त्यामुळं सराव उतरायचाच जास्त पाहिजे.

शेवटचे दोन आठवडे: सलग दोन दिवस चाला. शनिवारी पन्हाळ्याहून मसाई पठार करून पुढं जमेल तेवढं, रविवारी उठून परत तेवढंच. पहिल्या दिवशी कुणीही चालतं हो, दुसऱ्या दिवशी सकाळी आखडलेल्या पायांनी बूट घालून निघता येतं का ते बघायचं असतं, कारण तिकडं पाच दिवस रोज हेच करायचंय.

निघायच्या आधीचे चार दिवस काही करू नका, आराम.

तपासा: त्या दोन दिवसांनंतर गुडघ्याच्या आत दुखतंय की नुसत्या मांड्या भरून आल्यात? मांड्या भरणं ठीक आहे. गुडघा आत दुखत असेल तर आत्ताच डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की तब्येत कमावलेली असली म्हणजे उंची बाधत नाही. आमच्यात तालमीतला एक गडी होता, रोजच्या पाचशे बैठका, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढं पळत गेला, आणि दुसऱ्या संध्याकाळी डोकं धरून उलट्या करत तोच बसला होता. ज्या काकांना आम्ही हळू चालतात म्हणून हसत होतो ते मस्त चहा पीत होते. उंची कुणाला बाधणार हे फिटनेसवरून ठरत नाही, उलट जोरात पळणारा गडी स्वतःहून जास्त धोका ओढवून घेतो.

## ३. सॅक भरणं

थंडीचा अंदाज आधी घ्या. उंची हजार मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कोल्हापूर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर, हर की दून त्याच्या तीन हजार मीटर वर. म्हणजे नुसत्या उंचीमुळंच वीसेक अंशांचा फरक पडला. आपल्याकडं ऑक्टोबरात घाम येतो तेव्हा तिथं पहाटे टेंटवर बर्फ साचलेला असतो.

कपडे. आत थर्मल, मधे फ्लीस, वर जाड जॅकेट, आणि सगळ्यावर पाऊस-वारा अडवणारा थर. जीन्स आणि कॉटनचा हुडी घरी ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब शोषून घेतात. आजीनं विणलेला लोकरीचा स्वेटर मात्र बिनधास्त घ्या, लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. झोपायचा कोरडा जोड वेगळा ठेवा आणि तो दिवसा घालायचा नाही म्हणजे नाही.

बूट. घोट्याच्या वर येणारे, खाली खोल नक्षीचे. नवीन बूट घालून ट्रेकला निघालेला माणूस दर ग्रुपमध्ये एक असतोच. आधी निदान ५० किलोमीटर तेच बूट, तेच मोजे घालून चाला. पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतरताना अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. कॅम्पवर घालायला आणि ओढे ओलांडायला मागं पट्टा असलेली सँडल. कोल्हापुरी चप्पल फोटोला झक्कास दिसेल, पण दव पडलेल्या गवतावर तिचा तळ घसरतो आणि चामडं भिजलं की संपलंच.

पावसापासून. नुसत्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका, पाठीकडून पाणी आत जातंच. सॅकच्या आत मोठी जाड प्लास्टिक पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. गगनबावड्याच्या पावसात ज्यानं सॅक भिजवून घेतलीय त्याला हे सांगायला लागत नाही.

खाणं. उंचीवर भूक मरते, समोर आलेलं जेवण नको वाटतं. तेव्हा ओळखीची चव कामी येते. भडंग, गूळ-शेंगदाणे, खजूर, आणि छोट्या डबीत कांदा-लसूण चटणी. चटणी चिमूटभर बरं का, पोट बिघडलं तर रात्री टेंटबाहेर पळायला लागतंय. दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत.

बाकी: हेडटॉर्च, दोन ट्रेकिंग पोल, गॉगल (बर्फ असेल तर डोळ्यांना फार त्रास होतो), सनस्क्रीन, दोन बाटल्या मिळून दोन लिटर पाणी, ओआरएस, ब्लिस्टरसाठी चिकटपट्टी, शिट्टी. पाळीचं सामान तारीख नसली तरी घ्या, उंचीवर तारखा मागंपुढं होतात, आणि वापरलेलं परत आणायला वेगळी काळी पिशवी ठेवा.

औषधाचं एक. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, किती, कधीपासून हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. मित्रानं खिशातून काढून दिलेली गोळी घ्यायची नाही.

तपासा: सगळी सॅक भरून घरच्या काट्यावर ठेवा. स्वतः उचलणार असाल तर ९-१० किलोच्या वर नको. जास्त भरली तर कपड्यांचे जादा जोड आधी काढा, जॅकेट काढू नका.

## ४. प्रवास आणि कागदपत्रं

कोल्हापूरहून निजामुद्दीनला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, दिवस जुळत असेल तर तीच बरी. नाहीतर पुण्याहून विमान किंवा ट्रेन. दिल्लीहून रात्रीच्या ट्रेननं देहरादून. विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आणि गॅसचे डबे ना विमानात चालतात ना ट्रेनमध्ये.

देहरादून ते सांकरी १९० किलोमीटरच्या आसपास, पण मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत नऊ-दहा तास जातात, सगळा वळणावळणाचा घाट. गाडी लागणाऱ्यांनी पुढं बसा आणि उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, मसुरीत पोचल्यावर नव्हे. कॅश देहरादूनात नाहीतर फारफार तर पुरोल्यात काढून घ्या, पुढं यूपीआयच्या भरवशावर राहू नका. घरी शेवटचा फोन सांकरीतून करा आणि स्पष्ट सांगा की आता चार-पाच दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडं आई देव पाण्यात घालून बसते.

हे राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याचं परमिट लागतं. ओळखपत्र मूळ आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स वरच्या कप्प्यात ठेवा. ट्रेकिंगवाले बहुतेक फिटनेस सर्टिफिकेट मागतात, तेही आधीच करून ठेवा. गाईड स्थानिक घ्या, रक्कम, जेवण, टेंट, खेचर, परतीचा दिवस सगळं कागदावर लिहून घ्या. एकदा आमचं खेचराचं बोलणं नुसतं फोनवर झालं होतं आणि सांकरीत पोचल्यावर आकडा दीडपट झाला, भांडायला आमच्याकडं काहीच नव्हतं.

## ५. तालुका ते ओस्ला: जंगलातला दिवस

सांकरीहून तालुका १२ किलोमीटर, जीपनं. रस्त्यावरून ओढे वाहतात, हाडं खिळखिळी होतात. गाडी आणखी पुढं जात असेल तरी मी तालुक्यालाच उतरेन. पहिल्या दिवशी पायांना आणि फुप्फुसांना हळूहळू चालायची सवय लागणं जास्त गरजेचं आहे.

पुढं ओस्ला-सीमा साधारण १३-१४ किलोमीटर. नदी सोबतीला, वाट वर-खाली करत जाते, मधे गंगाड लागतं. हा दिवस लांब आहे, अवघड नाही, आणि म्हणूनच लोक इथं पळतात.

वेग कसा ठरवायचा: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर हळू करा. तासाला पाच मिनिटं थांबा, बसलात तर जॅकेट अंगावर घ्या, घाम गार होतो. दिवसभरात तीन-चार लिटर पाणी, थोडंथोडं करत.

खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. दरीच्या बाजूला उभं राहिलात आणि खेचराच्या पाठीवरचं ओझं घासलं तर सरळ नदीत. हे दर वेळी कुणाला तरी ओरडून सांगावं लागतं.

ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी वर गावं आहेत, जनावरं चरतात. उकळून नाहीतर फिल्टर करूनच प्या.

तपासा: संध्याकाळी सगळ्यांना तीन प्रश्न. डोकं दुखतंय का, मळमळतंय का, जेवण गेलं का? लाजून कुणी खरं सांगत नाही, म्हणून गाईडनं नाहीतर म्होरक्यानं एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं.

## ६. ओस्लाच्या पुढं: उंची इथं सुरू होते

सीमाच्या पुढं रुईनसारा ताल या तलावाची वाट वेगळी फुटते, त्यामुळं ग्रुप इथं तुटू देऊ नका. पुढं एक माहितगार, मागं एक माहितगार, फाट्यावर सगळे येईपर्यंत थांबायचं.

चढण चढून कलकत्तियाधारच्या आसपास मुक्काम. पोचल्या पोचल्या टेंटमध्ये आडवं व्हायचं नाही. पाणी प्या, कपडे बदला आणि अर्धा-पाऊण तास वरच्या बाजूला फिरून परत खाली या.

उंचीच्या त्रासाचा हिशोब सोपा आहे. डोकेदुखी आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा भयंकर थकवा असेल तर उंची लागली असंच धरा. त्या दिवशी वर जायचं नाही. आराम, पाणी, आणि बरं वाटलं तरच दुसऱ्या दिवशी पुढं. वाढत गेलं तर खाली.

सावधान: बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, किंवा चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी एकजण सोबत देऊन लगेच खाली उतरवायचं. तोल बघायला सरळ रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. औषध दिलं तरी उतरणं टाळायचं नाही.

## ७. वरची दरी: दगड, ओढे आणि बर्फ

खाली जंगलात दरी अरुंद होती, नदीनं कापलेली. वर आलात की दरी एकदम पसरट होते, कडा उभ्या आणि तळ सपाट, परातीसारखा. हे हिमनदीचं काम, तिनं घासत घासत दरी रुंद केली. आणि मागं हटताना जो दगडगोट्यांचा ढीग सोडला त्याला मोरेन म्हणतात. सह्याद्रीच्या घट्ट कातळावर चालणाऱ्याचा पाय इथंच मुरगळतो, कारण हे दगड एकमेकांवर नुसते ठेवल्यासारखे असतात.

क्रम असा ठेवा.

पहाटे पाचला उठून सहापर्यंत निघा. दुपारनंतर ढग भरतात, आणि दुसरं कारण त्याहून मोठं: वरचा बर्फ उन्हानं वितळतो आणि दुपारी ओढ्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढा वाटलेला ओढा तीन वाजता मांडीला लागतो. किती वाजता परत फिरायचं ते आदल्या रात्रीच ठरवा. आम्ही बारा ठरवतो, समोर दरी दिसत असली तरी बारा म्हणजे बारा.

मोरेनवर पोलनं दगड ढकलून बघा, मग पाय टाका. एकाच्या बरोबर खाली दुसरा चालत असेल तर वरच्याच्या पायाखालचा दगड त्याच्याकडं जातो, म्हणून तिरकं अंतर ठेवा. सकाळी ओल्या दगडांवर काचेसारखा पातळ बर्फ असतो, चकचकीत दगड दिसला की पाय देऊ नका.

पूल नसलेला ओढा ओलांडायचा असेल तर पाणी पसरलेलं रुंद ठिकाण शोधा, अरुंद जागी धार जोराची असते. सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडं, पोल पुढं रोवून, आडवं सरकत जायचं. अनवाणी नाही, सँडल घालून.

बर्फाचा पट्टा पाण्यावरून गेला असेल तर खाली पोकळी असते. खालून पाण्याचा आवाज येत असेल तर त्यावरून जाऊ नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. मोठ्या दगडाला लागून असलेला बर्फही आतून वितळलेला असतो, त्याच्यापासून दोन हात लांब.

हिमनदीचं पाणी दुधासारखं गढूळ दिसतं, दगड घासून झालेली बारीक भुकटी असते त्यात. फिल्टर लगेच तुंबतो. भांड्यात भरून रात्रभर ठेवा, वरचं निवळ घ्या आणि मग उकळा.

मनिंदा ताल हा तलाव दरीच्या आणखी पुढं आहे. वेळ आणि तब्येत दोन्ही असेल तरच जा. डोकं जड वाटत असताना "एवढं आलोय तर" म्हणणाऱ्याला आम्ही तिथूनच मागं फिरवतो, मग तो रुसला तरी चालेल. आणि तिथली भोजपत्राची झाडं, त्यांची साल सोलून आठवण म्हणून आणू नका, झाडाला जखम होते.

## ८. उतरणं आणि परतीचं तिकीट

उतरायला लागण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट करा, बोटं पुढं आपटत नाहीत. पोल थोडे लांब करा. पावलं छोटी, गुडघा जरासा वाकलेला. उतारावर पळणं पन्हाळ्यावर चालून जातं, इथं मागचे चार दिवस पायात असतात.

कचरा सगळा परत, टिश्यू आणि चॉकलेटचे कागदसुद्धा. संडासला पाण्यापासून ६०-७० पावलं लांब, वीतभर खड्डा करून, वरून माती.

सांकरीत पोचल्यावर आधी घरी फोन, मग वनखात्याकडं परतल्याची नोंद लागत असेल तर ती, मग राजमा-भात.

आणि तो जादा दिवस. सांकरीहून ज्या दिवशी निघाल त्याच रात्रीचं देहरादूनहून तिकीट काढू नका. एक दरड, एक पंक्चर, आणि गाडी चुकली. निजामुद्दीनहून आपली गाडी आठवड्यातून एकदाच आहे, ती चुकली तर पुण्यापर्यंत जनरल डब्यात उभं राहून यायची तयारी ठेवा. आम्ही एकदा आलोय तसं, भुसावळला बसायला मिळालं.